संग्रहालयाची पायरी

सहल घेऊन जाणाऱ्या मास्तरांना काय काय मोजावे लागते हे मास्तरांनाच ठाऊक. पोरे मोजायची, डबे मोजायचे, तिकिटे मोजायची. पायऱ्या मात्र कोणी मोजत नाही. मीही मोजल्या नव्हत्या.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी नुकताच इतिहासाचा अध्यापक म्हणून लागलो होतो आणि बी. ए.च्या वर्गातली तीसेक मुले घेऊन एका मोठ्या शहरातले संग्रहालय पाहायला गेलो होतो. त्यांतला एक मुलगा कुबड्या घेऊन चालणारा होता. लहानपणी त्याला पोलिओ झालेला. एस. टी.त चढताना मित्र त्याला हात देत आणि तोही हसत हसत चढे. संग्रहालयाच्या दारात आलो, तर समोर उंच दगडी पायऱ्या. त्या कशाबशा चढलो, तर आत पुन्हा रुंद जिना. आणि ज्यासाठी सगळा खटाटोप केला होता ती जुनी नाणी आणि ताम्रपट वरच्या मजल्यावर!

पोरगा म्हणाला, "सर, तुम्ही बघून या. मी बसतो इथंच."

मला ते पटेना. पहारेकऱ्याला विचारले. तो म्हणाला, "लिफ्ट हाय की. पण ती मागल्या अंगाला. मालाची हाय. किल्ली सायबांकडं."

साहेब जेवायला गेले होते. तास-दीड तासाने किल्ली आली. मागच्या अंगणातून, लाकडी खोकी आणि पुठ्ठ्यांचे ढीग ओलांडीत आम्ही दोघे त्या लिफ्टपाशी पोचलो आणि वर गेलो. तोवर बाकीची मुले सगळे पाहून खाली उतरली होती. सातवाहनांची नाणी त्याने एकट्यानेच पाहिली. परतीच्या गाडीत तो मला म्हणाला, "सर, मी आज सामानाबरोबर वर गेलो." तो हसत म्हणाला. मला काही हसू आले नाही.

तेव्हापासून कुठल्याही संग्रहालयात गेलो की मी आधी मूर्तीकडे पाहत नाही, जिन्याकडे पाहतो. लिफ्ट आहे का हे तर पाहतोच. पण ती कुठे आहे, पुढच्या दाराशी की मागच्या अंगणात, हे अधिक निरखून पाहतो. संग्रहालयात लिफ्ट आणि सरकते जिने कसे आले, कोणासाठी आले आणि कोणासाठी आले नाहीत, हाही एक इतिहासच आहे. तो आज तुम्हांला सांगायचा आहे.

मुळात संग्रहालयाला एवढ्या पायऱ्या हव्यातच कशाला, असे तुम्ही विचाराल. युरोपात सार्वजनिक संग्रहालये बांधायची लाट आली ती मुख्यतः एकोणिसाव्या शतकात. बर्लिनमधील 'आल्टेस म्युझियम' १८३० साली उघडले. शिंकेल नावाच्या स्थापत्यकाराने ते बांधले. पुढे १८ उंच खांबांची रांग आणि तिच्याकडे नेणारा ऐसपैस जिना. लंडनच्या ब्रिटिश म्युझियमची आजची दर्शनी इमारतही त्याच वळणाची; ती १८५२च्या सुमारास पुरी झाली. नमुना होता प्राचीन ग्रीक देवळाचा. कल्पना अशी की, कलेच्या मंदिरात माणसाने चढून यावे, बाजारातली धूळ खाली सोडावी. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात १९२८ साली कलासंग्रहालयाची इमारत उघडली, तिला पुढे ७२ दगडी पायऱ्या आहेत. १९७६च्या 'रॉकी' या चित्रपटाचा मुष्टियोद्धा नायक त्या पायऱ्या धावत चढतो आणि वर जाऊन दोन्ही हात उंचावतो. आजही जगभरची माणसे येऊन तसेच करतात. चित्रे पाहायला आत किती जातात, ते सोडून द्या.

पायरीचा अर्थ आपल्याला कोणी शिकवायला नको. पंढरपूरला महाद्वारात नामदेवाची पायरी आहे आणि तिच्या समोरच चोखोबाची समाधी आहे. ज्याला आत येऊ दिले नाही त्याचे स्थान पायरीच्या बाहेर. संग्रहालयाच्या पायरीने कोणाची जात विचारली नाही, हे खरे. पण गुडघे मात्र विचारले.

धडधाकट माणसाचेही तिथे हाल होतातच. बॉस्टनच्या कलासंग्रहालयातले बेंजामिन गिलमन यांनी १९१६ साली 'म्युझियम फटीग', म्हणजे संग्रहालयाचा शीण, या विषयावर एक लेख लिहिला. एका माणसाला प्रदर्शनातल्या वस्तू नीट पाहायला सांगून त्यांनी त्याची छायाचित्रे घेतली. खालच्या फळीवरचे भांडे पाहायला तो बिचारा कमरेत वाकला आहे, वरच्या फळीकडे मान ताणतो आहे, पाटी वाचायला गुडघ्यावर आला आहे. दोष पाहणाऱ्याचा नसून मांडणाऱ्याचा आहे, हे गिलमननी छायाचित्रे पुढे ठेवून दाखवले. शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी आपल्याकडच्या काही कपाटांपुढे उभे राहिले की गिलमनची आठवण येते.

आता यंत्रांकडे वळू. गंमत अशी की, लिफ्ट आणि सरकता जिना या दोघांनाही नाव मिळाले ते प्रदर्शनांतून.

ओझी वर चढवायचे पाळणे पूर्वीपासून होते. पण त्यांत माणूस बसायला धजत नसे, कारण दोर तुटला की कारभार आटोपला. अमेरिकेतील एलिशा ओटिस या कारागिराने १८५२च्या सुमारास त्यावर तोड काढली. टांग्याला किंवा मालमोटारीला पोलादी पात्यांची कमान असते ना, तशी कमान त्याने पाळण्याच्या माथ्यावर बसवली. दोर ताणलेला असेपर्यंत ती वाकलेली राहते. दोर तुटला की ती सरळ होते, तिची दोन्ही टोके बाहेर पडतात आणि दोन बाजूंच्या खांबांवरच्या दात्यांत जाऊन अडकतात. पाळणा जागच्या जागी थांबतो. १८५४ साली न्यूयॉर्कच्या 'क्रिस्टल पॅलेस' प्रदर्शनात ओटिस स्वतः उंचावरच्या पाळण्यात उभा राहिला आणि लोकांदेखत त्याने दोर कापायला लावला. पाळणा थोडासा हबकला आणि थांबला. पुढे तीन वर्षांनी, २३ मार्च १८५७ रोजी, न्यूयॉर्कमधील एका पाच मजली काचसामानाच्या दुकानात माणसांसाठी लिफ्ट सुरू झाली. ती वाफेवर चाले.

आजची लिफ्ट विजेवर चालते. पण तिचे तत्त्व तराजूचे आहे. एका पारड्यात माणसांचा डबा, दुसऱ्या पारड्यात लोखंडी वजने. मोटारीला सगळा भार उचलावा लागत नाही, दोन पारड्यांतला फरक तेवढा ओढावा लागतो. (सरकारी पाटीवर तिला 'उद्‌वाहन' म्हणतात. शब्द चांगला आहे, पण 'उद्‌वाहन कुठे आहे?' असे विचारून पाहा, पहारेकरी तुमच्याकडेच पाहत राहील.)

सरकता जिना पुढच्या पिढीतला. जेसी रेनो याने १८९६ साली न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंड या करमणुकीच्या जागी उतरता सरकता पट्टा बसवला. लोक मौज म्हणून त्यावर बसत. १८९८ साली लंडनच्या हॅरॉड्स दुकानात असा पट्टा आला, तेव्हा वर पोचलेल्या गिऱ्हाइकांच्या जिवाला धीर यावा म्हणून त्यांना ब्रँडी देत असत, असे सांगतात. खऱ्या पायऱ्यांचा सरकता जिना १९००च्या पॅरिस प्रदर्शनात मांडला गेला आणि त्याला मोठे पारितोषिक मिळाले. ज्यांच्या गावी विहिरीवर रहाटगाडगे होते, त्यांना हे यंत्र समजावून सांगायला नको. गाडग्यांची माळ भरून वर येते आणि रिकामी होऊन खाली जाते. इथे गाडग्यांच्या जागी पायऱ्या आणि पाण्याच्या जागी माणसे.

पण या दोन यंत्रांत एक मोठा फरक आहे, तो ध्यानात ठेवा. सरकता जिना थांबत नाही; मीटरभर रुंदीचा एक जिना तासाला पाच-सहा हजार माणसे वर नेऊ शकतो. तो गर्दीसाठी आहे. चाकांच्या खुर्चीतला माणूस, कुबड्यावाला, बाबागाडी घेतलेली आई, डोळ्यांनी अधू असलेली म्हातारी, यांना त्याचा उपयोग नाही, उलट धोकाच. लिफ्ट थोड्यांना नेते, वाट पाहायला लावते. पण कोणालाही नेते. तेव्हा एखाद्या संग्रहालयाने पुढच्या दाराशी काय बसवले आणि कोपऱ्यात काय ढकलले, यावरून त्याच्या मनातला पाहुणा कोण आहे हे कळते.

हा प्रश्न पहिल्यांदा मुळातून उलटा केला तो फ्रँक लॉइड राइट या अमेरिकी स्थापत्यकाराने. न्यूयॉर्कमध्ये सॉलोमन गुगेनहाइम यांच्या चित्रसंग्रहासाठी इमारत बांधायचे काम त्याच्याकडे १९४३ साली आले. राइटने काय करावे? जिनाच काढून टाकला! म्हणजे आडबाजूला जिने आहेत, पण मुख्य वाट जिन्याची नाही. पाहुण्याने आल्याबरोबर लिफ्टने थेट वर जायचे आणि मग गोल गोल उतरत जाणाऱ्या पायवाटेने चित्रे पाहत सावकाश खाली यायचे. शंखाच्या आत चालावे तशी ती वाट आहे. लांबी सुमारे पाव मैल. मध्ये मोकळी जागा आणि वर काचेचे छत. गिलमनने सांगितलेला शीण राइटने असा पळवून लावला. चढण यंत्राकडे, उतरण माणसाकडे.

राइटचे काम सोपे झाले नाही. १९५६ साली २१ चित्रकारांनी निषेधाचे पत्र लिहिले. भिंत कललेली, जमीन उतरती. आमची चित्रे सरळ दिसणार कशी, असे त्यांचे म्हणणे. तक्रार अगदीच चुकीची नव्हती. संग्रहालय २१ ऑक्टोबर १९५९ रोजी उघडले. त्याआधी सहा महिने, एप्रिलमध्ये, राइट वारला होता. गुगेनहाइम तर १९४९ सालीच गेले होते. दोघांपैकी कोणीही ती लिफ्ट लोकांना घेऊन वर जाताना पाहिली नाही.

राइटने हे अपंगांसाठी केले असे मी म्हणणार नाही. त्याच्या डोक्यात आकार होता, नाट्य होते. पण न ठरवता एक मोठी गोष्ट घडली. त्याच्या आराखड्यात लिफ्ट ही लंगड्याची वाट राहिली नाही, ती सगळ्यांची वाट झाली. कोट्यधीशानेही तिनेच वर जायचे आणि चाकाच्या खुर्चीतल्या मुलीनेही. खुर्ची उताराने नेताना हात सतत आवरता घ्यावा लागतो, ही अडचण आहेच. आणि पुढे तिथल्या मंडळींनी अनेक प्रदर्शने खालून वर मांडली, म्हणजे लोक पुन्हा चढू लागले. स्थापत्यकार गेला की घर घरमालकाचे!

गुगेनहाइमनंतर अठरा वर्षांनी पॅरिसमध्ये अगदी वेगळी गोष्ट झाली. पाँपिदू केंद्रासाठी १९७१ साली आराखड्यांची स्पर्धा घेतली, तेव्हा जगभरातून ६८१ आराखडे आले. निवड झाली रेंझो पियानो आणि रिचर्ड रॉजर्स या दोन तरुणांच्या आराखड्याची. त्यांनी इमारतीची आतडी बाहेर काढली. हवेचे नळ निळे, पाण्याचे हिरवे, विजेचे पिवळे आणि माणसांची ये-जा करणारे सगळे काही, म्हणजे लिफ्ट आणि सरकते जिने, लाल. या सगळ्या गोष्टी बाहेर नेल्यामुळे आतले मजले मोकळे राहिले. ४८ मीटर रुंदीत मध्ये एकही खांब नाही. दर्शनी बाजूला काचेच्या नळकांड्यातून सरकता जिना तिरका वर चढत जातो. लोक त्याला सुरवंट म्हणू लागले.

१९७७च्या फेब्रुवारीत केंद्र लोकांसाठी उघडले आणि गर्दीचा पूर लोटला. रोज पाच हजार माणसे येतील असा अंदाज होता. आली त्याच्या पाचपट. कित्येकांना चित्रांशी कर्तव्यच नव्हते. जिन्यावर उभे राहायचे, हळूहळू वर चढता चढता पॅरिसची छपरे पाहायची आणि उतरून घरी जायचे. फुकट होते ना! मला तर यात काही वाईट दिसत नाही. ज्या माणसाने आयुष्यात संग्रहालयाची पायरी चढली नव्हती, त्याला पायरीच उचलून वर घेऊन गेली. पुढे दुरुस्तीनंतर २००० साली केंद्र पुन्हा उघडले, तेव्हा त्या जिन्यासाठी तिकीट लागू लागले आणि ती फुकटची सफर संपली. आता २०२५च्या सप्टेंबरपासून ही इमारतच मोठ्या दुरुस्तीसाठी बंद केली आहे. २०३०च्या सुमारास उघडायचा बेत आहे.

पण त्या सुरवंटाकडे आपल्या कुबडीवाल्या मुलाच्या नजरेने पाहा. सगळी गर्दी समोरून, उजेडातून, गंमत करीत वर चालली आहे. त्याच्यासाठी लिफ्ट आहे, पण जत्रा जिन्यावर आहे. दोघे एकाच मजल्यावर पोचतात. पोचण्यातली मौज मात्र एकाच्याच वाट्याला येते. सरकते जिने मुळात दुकानांतून आले आणि दुकानाची सवय घेऊन आले: गिऱ्हाईक हलते ठेवा. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयात १९८४ साली ते बसले, तेव्हा ही तर बाजारपेठ झाली, असे म्हणणारे अनेक निघाले.

पॅरिसमध्येच, पाँपिदूपासून चालत जाण्याच्या अंतरावर, लूव्र हे जगप्रसिद्ध संग्रहालय आहे. जुना राजवाडा, जिने, दालने आणि पुन्हा जिने. तिथे आय. एम. पेई या चिनी वंशाच्या अमेरिकी स्थापत्यकाराने चौकात काचेचा पिरॅमिड उभारून जमिनीखालून नवे प्रवेशद्वार काढले. १९८९च्या वसंतात ते उघडले. त्या काचेच्या डोंगरावरून फ्रान्समध्ये केवढे वादळ उठले होते! त्या वादात एक साधी वस्तू झाकून गेली. पिरॅमिडखाली उतरायला गोल वळणाचा जिना आहे आणि त्या जिन्याच्या बरोबर मधोमध एक गोल, उघडी लिफ्ट आहे. तिला पेटी नाही, छप्पर नाही. जमिनीतून खांब उगवावा तशी ती वर येते आणि तशीच खाली बुडते. चाकाच्या खुर्चीतला पाहुणा तिच्यात उभ्या कठड्याआड बसतो आणि सगळ्यांच्या देखत, जिन्याच्या पोटातून, सावकाश खाली उतरतो. जिना उतरणारे थांबून त्याच्याकडे पाहतात. त्यांना ती जागा हवीशी वाटते.

ज्याला आजवर मागच्या दाराने आणले, त्याला पेईने घराच्या मधोमध जागा दिली. खर्च निराळा आला असेल, पण यंत्र तेच. फक्त ते कुठे बसवायचे याचा विचार निराळा. (याच लूव्रमध्ये १९ ऑक्टोबर २०२५ रोजी चोरांनी मालमोटारीवरची सामान चढवायची लिफ्ट बाहेरून लावली, खिडकी फोडली आणि राजघराण्याचे दागिने पळवले. तेव्हा सामानाच्या लिफ्टने वर जाणारा माझा विद्यार्थी एकटाच नव्हे! त्याला मी हे कळवले, तेव्हा तो फोनवर खूप हसला. तो आता एका तालुक्याच्या गावी शिक्षक आहे.)

आणखी एक उदाहरण दिल्याशिवाय राहवत नाही, कारण ते इतिहासाचे आहे. वॉशिंग्टनला २०१६ साली आफ्रिकी वंशाच्या अमेरिकी लोकांच्या इतिहासाचे राष्ट्रीय संग्रहालय उघडले. गुलामगिरीचा इतिहास तिथे जमिनीखाली मांडला आहे. तो पाहायला सगळ्यांनी एका मोठ्या लिफ्टमध्ये शिरायचे. लिफ्ट खाली जाऊ लागली की बाहेरच्या भिंतीवर सनांचे आकडे दिसू लागतात आणि ते मागे मागे जात पंधराव्या शतकापर्यंत पोचतात. दार उघडते तेव्हा तुम्ही गुलामांच्या व्यापाराच्या आरंभी उभे असता. तिथून उतरत्या-चढत्या वाटांनी आजच्या काळाकडे वर यायचे. राइटने माणसाला वर नेऊन खाली आणले, इथे खाली नेऊन वर आणतात. पण लिफ्ट दोन्हीकडे सर्वांची. ती गोष्टीतले पहिले पान झाली आहे, आणि पहिले पान कोणाला वगळता येत नाही.

हे सगळे स्थापत्यकारांच्या सद्बुद्धीने झाले असे मात्र समजू नका. १२ मार्च १९९० रोजी वॉशिंग्टनमध्ये तिथल्या संसदेच्या पायऱ्यांपाशी अपंग माणसे जमली, त्यांनी चाकांच्या खुर्च्या आणि कुबड्या खाली सोडल्या आणि हातांवर, कोपरांवर, पाठीवर सरपटत त्या पायऱ्या चढायला सुरुवात केली. त्यांत आठ वर्षांची एक मुलगीही होती. त्याच वर्षी जुलैत अपंगांच्या हक्कांचा अमेरिकी कायदा झाला आणि सार्वजनिक इमारतींना, त्यांत संग्रहालयांनाही, वाट करून देणे भाग पडले.

आपल्याकडे १९९५ साली कायदा आला, २०१५च्या ३ डिसेंबरला 'सुगम्य भारत' अभियान सुरू झाले आणि २०१६ साली दिव्यांगांच्या हक्कांचा नवा, अधिक धारदार कायदा झाला. लोकांच्या वापरातल्या जुन्या इमारतीही नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांत सुगम कराव्यात, असे त्यात लिहिले आहे. नियम २०१७ साली आले. पाच वर्षे केव्हाच उलटली. २०२४च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, यासंबंधीचे निकष नुसते सूचनावजा ठेवून चालणार नाहीत, ते बंधनकारकच हवेत.

यावर पुराणवास्तूंचे जतन करणारे म्हणतात, आणि त्यांचेही खोटे नाही, की जुन्या भिंतीला भोक पाडून लिफ्ट कशी बसवायची? मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय घ्या. जॉर्ज विटेटची ती घुमटाची सुंदर इमारत १९१४ साली बांधून झाली. पण महायुद्धामुळे ती लष्करी इस्पितळ म्हणून वापरली गेली आणि संग्रहालय म्हणून १९२२ साली उघडली. म्हणजे त्या जिन्यांनी पहिल्यांदा पाहिले ते जखमी शिपाई! अशा वास्तूत हात घालताना दहादा विचार करावा लागतो. पण विचार करणे आणि विचार पुढे ढकलणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

ग्रीसमधील अक्रोपोलिसचे उदाहरण पाहा. अडीच हजार वर्षांपूर्वीची देवळे, खडकाचा डोंगर. तिथे २००४ साली, अपंगांच्या ऑलिंपिक सामन्यांच्या वेळी, कड्याला लागून लिफ्ट बसवली आणि २०२०च्या डिसेंबरात तिच्या जागी नवी, अधिक चांगली आणली. वर खुर्ची फिरावी म्हणून वाटा केल्या, तर त्या सिमेंटच्या वाटांवरून भांडण झाले. होऊ द्या. भांडण वाटेच्या रुंदीवरून झाले. ज्याला चढता येत नाही त्याला वर न्यावे की नाही, यावरून ते झाले नाही.

आणि आपल्याला ग्रीसला जायचीही गरज नाही. रायगडाला १९९६ साली रोपवे झाला. रोपवे म्हणजे तरी काय, डोंगराच्या कुशीत तिरकी टांगलेली लिफ्टच. त्याआधी सुमारे दीड हजार पायऱ्या चढल्यावाचून महाराजांच्या समाधीचे दर्शन नव्हते. गुडघे गेलेल्या किती आजीबाई आज पाच-सात मिनिटांत वर जाऊन समाधीपुढे हात जोडतात! अर्थात वर पोचल्यावर दगडधोंड्यांच्या वाटेवर खुर्ची चालवणे अजूनही कठीणच. घारापुरीला धक्क्यापासून छोटी आगगाडी आहे, पण पुढे लेण्यांपर्यंत सव्वाशेच्या आसपास पायऱ्या. ज्यांना झेपत नाही त्यांच्यासाठी डोलीच्या खुर्च्या. डोली वाहणाऱ्यांच्या कष्टांना नमस्कार. पण माणसाच्या खांद्यावर बसून शिल्प पाहायला जाणाऱ्याला किती संकोच होतो, तो एकदा बसल्याशिवाय कळत नाही.

मुंबईच्या त्याच संग्रहालयाने २०१५पासून आणखी एक वाट काढली आहे. एका मोठ्या बसमध्ये छोटे प्रदर्शन मांडून ती बस शाळांच्या आणि गावांच्या दारी नेतात. डोंगर महंमदाकडे आला म्हणायचा! तुमच्या शाळेत ही बस यावी असे वाटत असेल, तर संग्रहालयाकडे जरूर विचारणा करा.

सहल घेऊन शहरात जाणार असाल, तर दोन गोष्टी अनुभवाने सांगतो. पहिली गोष्ट सरकत्या जिन्याची. खेड्यातली मुले तो पाहून एक तर भितात, नाहीतर उलट्या दिशेने धावतात. आधी बाजूला उभे करून त्यांना दोन मिनिटे नुसते पाहू द्या. पिवळ्या रेघेच्या आत पाय, एक हात कठड्यावर, पदर-ओढणी-नाडी वर खोचलेली, आणि वर पोचल्यावर तिथेच घुटमळायचे नाही. सैल रबरी चपला घातलेल्या पोरांकडे विशेष लक्ष द्या, कडेच्या फटीत त्या ओढल्या जातात. ज्याला भीती वाटते त्याला हसू नका, त्याला लिफ्टने न्या आणि दोन धीट पोरेही त्याच्याबरोबर पाठवा.

दुसरी गोष्ट पत्राची. संग्रहालयाला वेळ आणि सवलत विचारणारे पत्र आपण पाठवतोच. त्यातच तिकिटाच्या आधी लिहा: आमच्यात एक मुलगा कुबड्यांवर चालतो, किंवा एक मुलगी चाकाच्या खुर्चीत आहे, तुमच्याकडे लिफ्ट आहे काय, तिचे दार खुर्ची जाईल इतके, म्हणजे तीन फूट तरी, रुंद आहे काय, तिची बटणे बसलेल्या माणसाच्या हाताला लागतात काय, किल्ली कोणाकडे असते आणि ते गृहस्थ जेवायला किती वाजता जातात. आणि त्या मुलीला आम्ही कोणत्या दाराने आणावे? उत्तर लेखी मागा. तुमच्यासारखी वीस पत्रे एका टेबलावर जमली, की त्या टेबलामागच्या साहेबांनाही वरच्या कचेरीकडे पाठवायला काहीतरी हाती लागते.